गाडीचा हॉर्न: जागा, दुखणी आणि निगा

मोटारीच्या हॉर्नचे बटण चालकाच्या हाताखाली असते. हॉर्न मात्र तिथून दीड-दोन मीटर पुढे, गाडीच्या नाकाशी बसवलेला असतो. या दोन टोकांच्या मध्ये एक फ्यूज, बहुतेक गाड्यांत एक रिले, स्टिअरिंगच्या आतली एक फिरती जोडणी, काही मीटर वायर आणि गाडीच्या पत्र्याला दिलेली ‘अर्थ’ एवढी मंडळी असतात. यातले कुणीही एक रुसले की गाडी मुकी होते. अशा वेळी मालकाच्या तोंडी पहिले वाक्य येते ते ‘हॉर्न गेला’. प्रत्यक्षात हॉर्न पुष्कळदा धडधाकट असतो आणि बिघाड त्याच्यापर्यंतच्या वाटेवर असतो. नवा हॉर्न विकत आणून बसवला आणि तोही वाजला नाही, असे त्यामुळेच घडते.

पहिल्या मोटारी रस्त्यावर आल्या तेव्हा हॉर्न म्हणजे रबरी फुगा आणि पितळी भोंगा. फुगा दाबला की हवा आतल्या धातूच्या पातळ जिभेवरून जाई आणि ‘पों’ असा आवाज निघे. जुन्या बस-ट्रकांच्या खिडकीबाहेर हे भोंगे पुढे कित्येक वर्षे लटकत राहिले. विजेवर वाजणाऱ्या हॉर्नांत पहिले मोठे नाव झाले ते ‘क्लॅक्सन’चे. अमेरिकी संशोधक मिलर रीस हचिसन याचा हा हॉर्न न्यू जर्सीतील नेवार्कच्या एका कंपनीने १९०८ च्या सुमारास बाजारात आणला. त्यात दातेरी चक्र मोटरने फिरे आणि पोलादी पडद्याच्या मध्यावरील गाठीवर घासत जाई. त्यातून निघणारा कर्कश ‘आ-ऊ-गा’ आवाज जुन्या चित्रपटांतून आजही ऐकू येतो. याच हचिसनने त्याआधी कमी ऐकू येणाऱ्यांसाठी विजेवर चालणारे श्रवणयंत्र बनवले होते, हे त्याच्या चरित्रातले गमतीचे पान. मोटर आणि चक्राला फाटा देऊन विद्युतचुंबकाने पडदा हलवणारा हॉर्न जर्मनीच्या बॉश कंपनीने १९२१ मध्ये आणला. आजचे बहुतेक हॉर्न त्याच कुळातले आहेत.

साध्या चकती-हॉर्नचा पत्र्याचा डबा कापून उघडला तर आत मोजकेच भाग सापडतात. तळाशी तांब्याच्या तारेची कॉइल, तिच्या मध्यात लोखंडी गाभा, वर स्प्रिंगच्या पोलादाचा पातळ पडदा आणि पडद्याला मधोमध जोडलेला लोखंडी गट्टू. कॉइलच्या बाजूला दोन छोटे पॉइंट एकमेकांना टेकून बसलेले असतात आणि कॉइलकडे जाणारा प्रवाह त्यांच्यातूनच जातो. बटण दाबले की कॉइल चुंबक बनते आणि गट्टूला आत ओढते. गट्टू आत येता येता पॉइंटची पट्टी ढकलतो, पॉइंट सुटतात, प्रवाह तुटतो, चुंबकत्व जाते आणि ताणलेला पडदा उसळून मागे येतो. पॉइंट पुन्हा टेकतात आणि चक्र पुन्हा सुरू होते. शाळेच्या प्रयोगशाळेतली विद्युत घंटा याच तत्त्वावर वाजते. फरक वेगाचा: हॉर्नचा पडदा सेकंदाला चारशे-पाचशे वेळा हलतो. चकती-हॉर्नमध्ये गट्टू दर फेरीला गाभ्यावर आपटतो आणि त्या ठोक्याने बाहेरची थाळी दोन हजार हर्ट्झच्या वरच्या पट्टीत खणखणते. गर्दीतून आरपार जाणारी धार या थाळीची. दुसरा प्रकार कर्ण्याचा, बाजारात ज्याला ‘विंडटोन’ म्हणतात. त्याचा पडदा आपटत नाही. तो शंखासारख्या वळलेल्या प्लास्टिकच्या नळीतली हवा घुमवतो, म्हणून त्याचा आवाज भरदार आणि गोल लागतो.

बऱ्याच गाड्यांत हॉर्नची जोडी असते, एक खालच्या स्वराचा आणि एक वरच्या. खालचा साधारण ४०० हर्ट्झचा आणि वरचा ५०० चा असला तर दोघांचे प्रमाण चारास पाच होते. संगीताच्या भाषेत हे षड्ज आणि शुद्ध गंधार. जोडी एकत्र वाजली की कान टवकारतात पण किटत नाहीत, त्याचे कारण हे नाते. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये नाशिकच्या एका कार्यक्रमात हॉर्नमध्ये बासरी, तबला, व्हायोलिन अशा वाद्यांचेच सूर असावेत असा कायदा करण्याचा विचार बोलून दाखवला होता. कल्पना गोड आहे, पण हॉर्नचे काम रंजनाचे नाही. माणसाचा कान दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्टीत सर्वांत तिखट असतो आणि हॉर्नचा जोर मुद्दाम त्याच्या आसपास ठेवलेला असतो. संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीतील २८ व्या नियमानुसार कारवर बसवलेला हॉर्न सात मीटरवरून किमान ९३ आणि कमाल ११२ डेसिबल भरला पाहिजे. त्याच नियमात टिकाऊपणाची चाचणीही आहे: एक सेकंद वाजवणे, चार सेकंद थांबणे, असे ५०,००० वेळा. भारतीय शहरातली टॅक्सी हा आकडा किती लवकर गाठत असेल याचा अंदाज कुणालाही करता येईल. भारतात विकायच्या गाड्यांना वेगळा, जास्त दणकट हॉर्न लागतो, असे ऑडीसारख्या कंपनीने २०१२ च्या सुमारास सांगितले होते, ते उगाच नव्हे.

हॉर्न शोधायची वेळ आली की मालकाचा हात आधी स्टिअरिंगकडे जातो, कारण चिन्ह तिथे असते. तिथे फक्त बटण असते. खरा हॉर्न समोरची हवा लागेल आणि आवाज मोकळा जाईल अशा जागी, म्हणजे पुढच्या जाळीच्या मागे किंवा बंपरच्या आत असतो. मारुती ८०० सारख्या जुन्या लहान गाड्यांत बॉनेट उघडून रेडिएटरच्या पुढे डोकावले की चकती दिसते. नंतरच्या हॅचबॅक आणि सेडानमध्ये तो रेडिएटरच्या वरच्या आडव्या पट्टीला किंवा मधल्या उभ्या आधाराला एका बोल्टवर लटकवलेला असतो. अनेक नव्या गाड्यांत त्याची जागा आणखी खाली, हेडलाइटच्या तळाशी बंपरच्या कोपऱ्यात गेली आहे. तिथे पोहोचायला पुढच्या चाकावरचे प्लास्टिकचे अस्तर किंवा अख्खा बंपर सोडवावा लागतो. जोडीतले दोन हॉर्न शेजारी असतीलच असे नाही. एक डाव्या कोपऱ्यात आणि एक उजव्या, अशीही मांडणी असते.

शोधण्याची सोपी रीत कानाची. एकाने आत बसून थोडा वेळ बटण दाबायचे आणि दुसऱ्याने बॉनेट उघडून, तोंड थोडे लांब ठेवून, आवाज कुठून येतो ते पाहायचे. मोबाइलची बॅटरी जाळीतून मारली की गोल थाळी किंवा काळा कर्णा नजरेस पडतो. हॉर्न पूर्ण मुका असेल तर दोन वायरी जाणारा, तळहाताएवढा गोल डबा शोधायचा. चोरीच्या अलार्मचा भोंगाही बॉनेटखालीच असतो आणि नवख्याला तोच हॉर्न वाटतो. रेडिएटरच्या जवळ हात घालताना एक भान ठेवावे: इंजिन गरम असेल तर ते बंद असतानाही पंखा आपोआप सुरू होऊ शकतो.

बिघाड शोधताना पहिला प्रश्न असा की बटण दाबल्यावर कुठे ‘टिक’ ऐकू येते का. टिक येते म्हणजे रिले ओढला जातो आहे. मग बटण, स्टिअरिंगची जोडणी आणि रिलेची कॉइल ठीक आहेत आणि शोध रिलेच्या पुढे, हॉर्नच्या दिशेने करायचा. टिक येत नसेल तर उलट दिशेने, फ्यूज आणि बटणाकडे. या एका आवाजाने निम्मे काम वाचते, तरी गाडीचा पुढचा भाग आधी सोडवून मग विचार करणारे कारागीर भेटतातच.

फ्यूजचा डबा डॅशबोर्डच्या खाली आणि दुसरा बॉनेटमध्ये बॅटरीशेजारी असतो. झाकणावरच्या नकाशात कर्ण्याचे चिन्ह शोधायचे. काही गाड्यांत हॉर्न आणि हझार्ड लाइटचा फ्यूज एकच असतो. चारही इंडिकेटर लागत नसतील आणि हॉर्नही मुका असेल तर इतर काही उघडण्याआधी तो फ्यूज पाहावा. रंगावरून त्याची ताकद कळते: लाल १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०. उडालेल्या फ्यूजच्या जागी त्याच रंगाचा घालायचा. मोठा फ्यूज किंवा गुंडाळलेली तार घातली तर पुढच्या खेपेला फ्यूजऐवजी वायर जळते. नवा फ्यूज बटण दाबताच पुन्हा उडत असेल तर वायर कुठेतरी पत्र्याला टेकली आहे किंवा हॉर्नची कॉइल आतून बसली आहे. अशा वेळी हॉर्नचा कनेक्टर काढून पाहावा. फ्यूज टिकला तर दोष हॉर्नमध्ये आणि तरीही उडाला तर वायरमध्ये.

रिलेचे चार पाय बहुधा ३०, ८५, ८६ आणि ८७ या आकड्यांनी ओळखले जातात. ८५ आणि ८६ यांच्यामध्ये त्याची छोटी कॉइल, ३० वर बॅटरीचा प्रवाह, ८७ वरून तो हॉर्नकडे. स्टिअरिंगवरचे बटण हॉर्नचा सगळा प्रवाह वाहत नाही. ते फक्त या छोट्या कॉइलची अर्थ जोडते. शेजारी त्याच जातीचा दुसरा रिले असेल तर दोघांची अदलाबदल करणे ही सर्वांत स्वस्त तपासणी. जुन्या अनेक गाड्यांत रिलेच नसायचा. हॉर्नचा सगळा प्रवाह बटणातून जाई आणि त्याचे संपर्क जळत राहत. अशा गाड्यांच्या चालकांना बटण ठराविक कोपऱ्यात, ठराविक जोराने दाबायची सवय लागलेली असायची.

हॉर्नपाशी पोहोचल्यावर टेस्ट लॅम्प लागतो, म्हणजे दोन वायरी जोडलेला बारा व्होल्टचा बल्ब. कनेक्टर काढून त्याच्या दोन टोकांना लॅम्प लावायचा आणि बटण दाबायचे. लॅम्प भक्क लागला तर वाट मोकळी आहे आणि हॉर्न दोषी आहे. लागला नाही तर लॅम्पची अर्थ थेट बॅटरीच्या निगेटिव्हवरून घेऊन पुन्हा पाहायचे. आता लागला म्हणजे पॉझिटिव्ह येते आहे आणि अर्थ मिळत नाही. गाडीच्या बिघाडांत हा दोष फार आढळतो. अर्थचा बोल्ट पत्र्यावर बसतो, पत्र्यावर रंग असतो, रंगाखाली गंज शिरतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या खाऱ्या हवेत किंवा मुंबईत समुद्राजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत तर दोन पावसाळ्यांत बोल्टखाली तपकिरी पूड जमते. बोल्ट सोडवून पत्रा आणि वायरीचे कडे पॉलिश पेपरने चकचकीत घासायचे, घट्ट आवळायचे आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवायचा. मल्टिमीटर असेल तर आणखी नेमकेपणाने कळते. हॉर्न वाजत असताना एक टोक हॉर्नच्या अर्थवर आणि दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवले आणि अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर अर्थ कच्ची आहे.

दोन जाड वायरींनी हॉर्न थेट बॅटरीला क्षणभर लावून पाहणे ही शेवटची परीक्षा. ती करताना हॉर्नचे टोक आधी जोडावे आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हला वायर सर्वांत शेवटी टेकवावी. ठिणगी उडून हॉर्न दणक्यात वाजला तर त्याला कचऱ्यात टाकण्याचे कारण नाही. नुसती ठिणगी उडाली आणि आवाज आला नाही तर पडदा गंजून अडकला आहे किंवा पॉइंट सुटत नाहीत. ठिणगीही उडाली नाही तर कॉइल तुटली आहे किंवा पॉइंटवर कार्बन धरला आहे.

पूर्ण मुका हॉर्न निदान कळतो तरी. बसलेल्या घशाचा हॉर्न लोक महिनोन्‌महिने तसाच वापरतात. सकाळी घोगरा आणि इंजिन चालू केल्यावर खणखणीत होत असेल तर हॉर्नपेक्षा बॅटरीकडे पाहावे. विश्रांतीत भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते. इंजिन चालू असताना चार्जिंगमुळे हाच आकडा १४ च्या जवळ जातो. आवाज अचानक पातळ, एकसुरी झाला असेल तर जोडीतला एक हॉर्न बंद पडला आहे. दोन्हींचे कनेक्टर आळीपाळीने काढले की कोणता, ते लगेच कळते. पावसात गुळगुळ आवाज येत असेल तर कर्ण्यात पाणी आहे.

चकती-हॉर्नच्या पाठीवर एक छोटा स्क्रू असतो, त्यावर लाखेचा किंवा रंगाचा ठिपका. पॉइंट कधी सुटावेत हे त्या स्क्रूवर ठरते. वापराने पॉइंट झिजतात आणि मूळ जुळणी बिघडते, तेव्हा स्क्रू किंचित फिरवून आवाज परत आणता येतो. मात्र आधी त्याच्या मूळ जागेची खूण करावी आणि एका वेळी पाव फेऱ्यापेक्षाही कमी फिरवावे. फिरवायचे, क्षणभर वाजवून ऐकायचे, पुन्हा फिरवायचे. एका बाजूला जास्त गेले तर पॉइंट टेकतच नाहीत. दुसऱ्या बाजूला जास्त गेले तर सुटतच नाहीत, मग प्रवाह अखंड वाहतो, कॉइल तापते आणि फ्यूज उडतो किंवा कॉइल जळते. अँपिअर मीटर लावून काम करणारा वायरमन नुसत्या कानावर विसंबत नाही, कारण आवाज मोठा करण्याच्या नादात प्रवाह वाढवला तर हॉर्न आठवडाभर गाजतो आणि मग कायमचा जातो. काही नव्या हॉर्नांत पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक सर्किट असते. त्यात जुळवण्यासारखे काही नसते. गेला की बदलायचा.

बटणाकडचा बिघाड मात्र घरी उघडण्याचा नाही. अॅम्बेसेडर, पद्मिनीच्या काळात स्टिअरिंगच्या मध्यावरचे झाकण काढले की खाली पितळी कडे आणि त्यावर घासणारा स्प्रिंगचा संपर्क दिसे. घासून, जरा वाकवून काम भागे. आता त्या झाकणाखाली एअरबॅग असते. स्टिअरिंग फिरत असतानाही वायर तुटू नये म्हणून आत फितीसारखी चपटी वायर गुंडाळलेली असते, तिला गॅरेजमध्ये ‘क्लॉक स्प्रिंग’ म्हणतात. हॉर्न बंद, डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागलेला आणि स्टिअरिंगवरची ऑडिओची बटणेही मेलेली, अशी तीन लक्षणे एकत्र दिसली की ही फीत तुटली असे समजावे. तिथे हात घालण्याआधी बॅटरीचे निगेटिव्ह काढून कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे लागते, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत थोडी ऊर्जा साठून राहते. नवी फीत मध्यावर जुळवूनच बसवावी लागते, नाहीतर स्टिअरिंग एका टोकाला वळवताच ती पुन्हा तुटते. हे काम माहीतगाराकडेच द्यावे.

याच्या उलट दुखणे म्हणजे अखंड वाजणारा हॉर्न. रात्री दोन वाजता सोसायटीच्या आवारात तो सुरू झाला की काय होते ते सांगायला नको. बटण आत अडकलेले असते किंवा रिलेचे संपर्क चिकटून बसलेले असतात. तात्पुरता उपाय म्हणजे हॉर्नचा फ्यूज किंवा रिले उपटून काढणे. म्हणून त्यांची जागा दिवसाउजेडी एकदा पाहून ठेवलेली बरी.

निगेचे काम थोडे आहे. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर कनेक्टर काढून आतली हिरवट बुरशी पुसावी, अर्थचा बोल्ट पाहावा, हॉर्नची पट्टी ढिली झालेली नाही ना ते पाहावे. ती पट्टी मुद्दाम लवचीक असते. तिच्याऐवजी जाड क्लॅम्पने हॉर्न पत्र्याला आवळला तर पडदा मोकळा हलत नाही आणि आवाज दबतो. थाळी कशालाही टेकता कामा नये. कर्ण्याचे तोंड खालच्या बाजूला कललेले असावे, म्हणजे शिरलेले पाणी ओघळून जाते. धुताना जाळीतून प्रेशरचे पाणी थेट हॉर्नवर मारू नये. गंज सोडवणारा स्प्रे बाहेरच्या टोकांपुरता ठीक. डब्यात तेल गेले तर पॉइंटवर काजळी धरते. मराठवाड्याच्या कोरड्या धुळीचा हॉर्नला फारसा त्रास नसतो, त्याला मारते ते पाणी आणि मीठ.

हॉर्न बदलायचाच झाला तर जोडी एकदम बदलावी आणि एक खालच्या, एक वरच्या स्वराचा असल्याची खात्री करावी. कोइमतूरच्या रूट्ससारख्या भारतीय कंपन्यांचे विंडटोन सहज मिळतात. पण अशी जोडी मूळ हॉर्नपेक्षा बराच जास्त प्रवाह ओढते, म्हणून ती मूळ बारीक वायरीवर लावू नये. बॅटरीवरून वेगळी जाड वायर, वेगळा फ्यूज आणि वेगळा रिले द्यावा. मूळ वायर फक्त रिलेला इशारा देण्यापुरती. वायरींची कापाकापी करून चिकटपट्टी गुंडाळण्यापेक्षा तयार कपलर घेतला तर गाडीची वॉरंटीही वादात पडत नाही.

आवाजाची हौस मात्र कायद्याने अडवली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११९ व्या नियमानुसार लागोपाठ वेगवेगळे सूर काढणारे किंवा अवाजवी कर्कश हॉर्न गाडीवर बसवता येत नाहीत. रुग्णवाहिका, अग्निशमन यांसारख्या वाहनांना त्यातून सूट आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४-एफ नुसार विनाकारण किंवा सतत हॉर्न वाजवल्यास पहिल्या वेळी एक हजार आणि त्यापुढे दर वेळी दोन हजार रुपये दंड आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्रात येतात आणि निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा हॉर्नला मनाई आहे. ‘हॉर्न ओके प्लीज’ हे शब्द वाहनांच्या पाठीवरून पुसण्याचा आदेश महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने २०१५ मध्ये काढला होता. जानेवारी २०२० च्या अखेरीस मुंबई वाहतूक पोलिसांनी आपला एक प्रयोग जाहीर केला: चौकातला आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल सिग्नल पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागे.

हॉर्न नसलेली किंवा मुकी गाडी चालवणे मात्र तितकेच नियमबाह्य आहे आणि टॅक्सी-ट्रकांच्या फिटनेस तपासणीत तो वाजवून पाहिला जातो. वाचकाने सुट्टीत गाडी गावी न्यायच्या आधी एवढे करावे: बॉनेट उघडून आपला हॉर्न कुठे आहे ते पाहावे, त्याचा फ्यूज कोणता ते शोधावे आणि त्याच रंगाचा एक जादा फ्यूज डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकून ठेवावा.